उभ्या हेराल्डला सेल्फ मारण्याआधी

ठाण्याच्या नौपाडा-पाचपाखाडीतली एखादी जुनी सोसायटी पुनर्विकासाला निघाली, की मागच्या आवारातली ताडपत्री उचलली जाते आणि खालून स्टँडर्ड हेराल्ड निघते. जागा रिकामी करायची तारीख डोक्यावर असते. मग कुणीतरी शेजारच्या गाडीवरून जंपर लावतं, कार्बोरेटरच्या तोंडात थोडं पेट्रोल ओततं आणि सेल्फ मारतं. वीस वर्षांच्या गंजाने होत नाही तेवढं नुकसान या दहा मिनिटांत होतं. चिकटलेली रिंग तुटते, अडकलेल्या व्हॉल्व्हमुळे पुशरॉड वाकतो, कोरड्या बेअरिंगवर ओरखडे उठतात. आणि इंजिन लागलंच तर त्याहून वाईट, कारण आता गाडी चालते पण ब्रेक नाहीत. म्हणून इथे किल्ली सगळ्यात शेवटी येईल.

हेराल्डला स्पोर्ट्स कारच्या पंगतीत बसवलं की काही जण हसतात. ९४८ सीसीचं इंजिन आणि चार माणसांची जागा, यात स्पोर्ट्स कसली? पण गाडीखाली जाऊन पाहा. इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीने आखलेली ट्रायम्फ हेराल्ड १९५९ साली इंग्लंडमध्ये आली आणि तिच्याच चेसिसची रचना आखूड करून १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार निघाली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने आपल्याकडे हेराल्ड बनवली ती १९६१ पासून. रॅक-पिनियन स्टीअरिंग, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, २५ फुटांत पूर्ण वळणारी गाडी. जांभळी नाक्याच्या बाजारात आजच्या छोट्या गाड्यांनाही ते जमत नाही. या नात्याचा व्यवहारात मोठा फायदा आहे. स्पिटफायरवाल्यांसाठी इंग्लंडमध्ये आजही ट्रनियन, बुश, पंपाची किटं, ब्रेकचे रबर असं पुष्कळ काही नवीन बनतं. मागवताना मात्र जुना भाग हातात घेऊन मापं जुळवा, कारण मद्रासला वर्षागणिक बदल होत गेले. हेराल्डनंतर निघालेल्या १९७२ च्या स्टँडर्ड गझेलला तर मागचा अ‍ॅक्सलच वेगळा, साधा सरळ आहे.

हत्यारांबद्दल आधीच सांगतो. गाडीचे बहुतेक नटबोल्ट इंची मापाचे आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चा पाना बसतो पण सैल; ९/१६ म्हणजे १४.३ मिमी, त्यावर १४ चढत नाही आणि १५ फिरतो. अशाने गंजलेल्या नटाचे कोपरे पहिल्याच झटक्यात जातात. ७/१६, १/२, ९/१६ आणि ५/८ एवढे चार रिंग पाने आणि त्याच मापाचे सॉकेट घेतले की बहुतेक काम निघतं.

पहिलं काम चेसिसचं. या गाडीची बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्टने जोडलेली आहे, अगदी छतसुद्धा सोडवून काढता येतं. त्यामुळे सगळा भार वेगळ्या चेसिसवर आणि तिच्या बाजूला निघालेल्या हातांवर येतो. खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस या हातांना आतून खातो, वरून रंग ठीक दिसत असतो. जाड स्क्रू-ड्रायव्हर आणि छोटी हातोडी घेऊन दरवाज्याखालचे हात, डिकीखालचे हात आणि डिफरन्शियलच्या आजूबाजूचा भाग ठोकत जा. निरोगी पत्र्याचा आवाज खणखणीत येतो. जिथे आवाज बसका तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा. दरवाज्याची फट वर एक आणि खाली एक असेल तर चेसिस खचली आहे किंवा बॉडीखालचे पॅड गेले आहेत. वेल्डिंग करायचं झालं तर आधी दरवाज्याच्या चौकटीत आडवा पाइप टाकून बॉडी ताणून धरा, मगच जुना हात कापा. तसं न करता कापलं तर नवा हात वाकड्या बॉडीला जुळवून बसतो आणि दरवाजा पुन्हा कधी नीट लागत नाही. पत्र्याचं आणि रंगाचं काम ऑक्टोबरनंतर काढा. जुलैच्या दमटपणात मारलेला रंग पांढुरका पडतो आणि त्याखाली कोंडलेला ओलावा पुढच्या वर्षी फुगे काढतो.

चेसिस ठीक असेल तर लगेच पुढची चाकं वर घ्या. कारण आता येतो तो भाग, ज्याच्यामुळे हेराल्डला 'चाक मोडणारी गाडी' असं नाव पडलं.

पुढच्या सस्पेन्शनमध्ये चाक ज्या उभ्या दांड्यावर बसतं, त्याच्या खालच्या टोकाला आटे आहेत आणि ते ट्रनियन नावाच्या पितळी रंगाच्या ब्राँझच्या तुकड्यात फिरतात. स्टीअरिंग वळवलं की दांडा ट्रनियनमध्ये स्क्रूसारखा फिरतो. इथे ग्रीस चालत नाही. इथे गिअरबॉक्ससारखं दाट तेल लागतं, एसएई ९० हायपॉइड, ज्याला दुकानात ९० नंबर म्हणतात. आपल्याकडच्या सर्व्हिस सेंटरात मात्र निप्पल दिसलं की ग्रीसगन लावायची हाच नियम. ग्रीस आट्यांच्या वरच्या भागापर्यंत पोचत नाही, वर्षभरात सुकून खडा होतं, तेलाची वाट बंद करतं आणि त्याच्यामागे पाणी साचतं. मग दांडा आट्यांजवळ गंजून बारीक होतो आणि एक दिवस, बहुधा कमी वेगात वळताना, तुटतो. चाक आडवं पडतं आणि गाडी नाकावर बसते. पार्किंगमध्ये तुटलं तर लाज वाटते एवढंच. घोडबंदरच्या पुलावर तुटलं तर काय, ते लिहायला नको.

उभ्या गाडीत या जोडाचा भरवसा धरूच नका. दांडा ट्रनियनमधून पूर्ण बाहेर काढा. डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलट दिशेचे आहेत, त्यामुळे निघताक्षणी दोन्ही बाजूंवर खूण करा, नाहीतर बसवताना गोंधळ होतो. जुनं ग्रीस रॉकेलने विरघळवून आटे पितळी ब्रशने साफ करा. आट्यांच्या मुळाशी खड्डे किंवा केसाएवढी रेघ दिसली तर दांडा भंगारात. लेथवर दुरुस्त करून देतो म्हणणारा भेटला तर त्याचे आभार माना आणि निघा. दांडा चांगला आणि ट्रनियनच झिजलेलं असेल तर नवं ट्रनियन आणि नायलॉन बुशांचा सेट घ्या. जोडताना आटे पूर्ण आत फिरवून मग मागे घ्या, दोन्ही बाजूंना स्टीअरिंग शेवटपर्यंत वळेल एवढी मोकळीक राहिली पाहिजे. नंतर एक जुनी ग्रीसगन धुऊन तिच्यात ९० नंबर भरा, तिच्यावर रंगाने 'फक्त तेल' लिहा आणि वरच्या कडेतून तेल झिरपेपर्यंत मारा. चालत्या गाडीला दर १०,००० किमीला हे लागतं. ठाण्याच्या पावसात जूनआधी एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा दिलं तर बरं. सर्व्हिसला गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची वेळ आली तर निप्पलच काढून प्लग लावून द्या.

मागच्या बाजूला आडवे पाटे आणि मधूनच झुलणारे अ‍ॅक्सल. वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवरून अचानक पाय काढला किंवा ब्रेक मारला की मागचं टोक उचलतं, बाहेरचं चाक आत दुमडतं आणि गाडी गर्रकन फिरू शकते. हा दोष नवीन गाडीतही होता, दुरुस्तीने जाणार नाही. पाट्यांमधला गंज साफ करून घ्या. हब काढायला खास पुलर लागतो. हातोड्याने हबची कड वाकते. ड्रम काढायला मात्र हब काढावा लागत नाही, दोन स्क्रू सोडले की ड्रम वेगळा होतो.

ब्रेक

चारही चाकांना ड्रम, पुढे ८ इंची आणि मागे ७ इंची, एकच मास्टर सिलिंडर आणि एकच सर्किट. म्हणजे एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक गेले. त्यामुळे 'एवढं किट बदलू, बाकी चालतंय' हा हिशेब इथे लावू नका. मास्टर सिलिंडर, सगळे व्हील सिलिंडर आणि रबरी होज एकदमच. होज बाहेरून धडधाकट दिसतात, पण आतून फुगून त्यांची वाट केसाएवढी झालेली असते. दाब जातो, परत येत नाही, चाक धरून ठेवतं. मग लोक शू घासत बसतात.

ड्रम अडकला असेल तर आधी मागचा अ‍ॅडजस्टर पूर्ण सैल करा, ड्रमच्या कडेला गोल फिरत ठोका, गरज पडली तर गरम करा. आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. सिलिंडरचा बोअर नखाने तपासा. नख अडकलं तर नवीन रबर घालूनही तो गळणार. वागळे इस्टेटमधल्या चांगल्या मशीन शॉपमध्ये स्टेनलेस किंवा पितळेची स्लीव्ह घालून मूळ मापाला होन करून घेता येतं, आणि दमट हवेत तो कायमचा इलाज आहे. हे भाग धुवायला फक्त स्पिरिट किंवा ब्रेक ऑइल. गॅरेजमध्ये सवयीने डिझेलच्या ट्रेमध्ये बुडवतात; खनिज तेलाचा थेंब राहिला तरी रबर फुगतं आणि महिन्यात पिस्टन जाम होतो.

ऑइल डॉट ४ घाला. कोरडं असताना ते २३० अंशांच्या पुढे उकळतं, पण हवेतलं पाणी शोषल्यावर हा आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. पुस्तकात दोन वर्षांनी बदला म्हणतात. खाडीकाठी मी दरवर्षी बदला म्हणेन. एअर काढताना मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा, म्हणजे उजव्या स्टीअरिंगच्या गाडीत मागचं डावं. पेडल स्पंजासारखं वाटेनासं झाल्यावर ते जोरात दाबून एक मिनिट धरा. हळूहळू खाली गेलं तर मास्टर आतून सोडतोय. क्लचसुद्धा हायड्रॉलिक आहे, त्याचं किटही याच वेळी उरका.

पेट्रोल, आणि आजचं पेट्रोल

टाकी डिकीत आहे, काढायला सोपी. वीस वर्षांपूर्वीच्या पेट्रोलचा वास वॉर्निशसारखा येतो आणि तळाशी डांबरासारखा थर असतो. टाकी रिकामी करून आत मूठभर छोटे नट टाका, पाणी घाला आणि फिरवत राहा. मग गरम पाण्यात लिटरमागे ७५ ते १०० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून भरून ठेवा, एक दिवस पुरतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, स्वच्छ पाण्याने धुवा, शेवटी स्पिरिट फिरवून लगेच वाळवा. ओली टाकी ठाण्याच्या हवेत तासाभरात पुन्हा तांबूस होते. नट मोजून टाका आणि मोजून काढा. टाकीला भोक असेल तर ती 'रिकामी आहे' म्हणून कुणालाही वेल्डिंगची ज्योत लावू देऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात.

२०२५ पासून पंपावर बहुतेक ठिकाणी मिळतं ते ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. हेराल्डच्या काळातल्या रबराला ते माहीतच नाही. जुन्या पाइपचं रबर मऊ होऊन आतून सोलतं आणि त्याचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, जातात. पंपाचा पडदा कडक होऊन फाटतो. वॉशर गळायला लागतात. त्यामुळे मीटरवर विकला जाणारा साधा काळा पाइप नको. एसएई जे३० आर९ असं छापलेला पाइप घ्या, आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा आहे ना ते विकणाऱ्याला विचारा. इथेनॉल पाणीही ओढतं. ठरावीक प्रमाणाच्या पुढे पाणी गेलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी वेगळं बसतं, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी गच्च भरून ठेवा किंवा पूर्ण कोरडी करा. अर्धी टाकी सर्वांत वाईट.

दुसरा परिणाम मिश्रणावर. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, ई२० ला सुमारे १३.५ पट. जेट तोच राहिला तर इंजिनला हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतं, ते चढावर खोकतं आणि तापतं. सोलेक्स कार्बोरेटरचे मेन जेट मिलिमीटरच्या शतांशात मोजतात. ११० असेल तर ११५ लावून बघा आणि प्लगचा रंग वाचा. विटकरी-करडा ठीक, पांढरा असेल तर अजून पेट्रोल हवं, काळी काजळी असेल तर जास्त झालं. जेटमध्ये तार घालून मोठा करणं ही पळवाट आहे, त्याने माप कायमचं बिघडतं.

पंप फाटला असेल तर एक गोष्ट नक्की बघा: डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो का. पडदा फाटला की पेट्रोल थेट सम्पमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या तसराळ्यात, उतरतं. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, ते सगळं टाकून द्या.

इंजिन

हा भाग खरंतर सगळ्यांत सोपा, पण गॅरेजमध्ये सुरुवात नेहमी इथूनच होते. बॉनेट पूर्ण पुढे उलटतं, चाकावर बसून काम करता येतं. एअर क्लीनर आधी उघडा. पोडियम पार्किंगच्या उंदरांना तिथे घर करायला आवडतं आणि सेल्फ मारला तर ते घर सिलिंडरमध्ये जातं.

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात २० ते ३० मिली एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि डिझेल निम्मं-निम्मं घाला आणि चार दिवस विसरा. रॉकर कव्हर काढून व्हॉल्व्ह स्टेमवरही तेच टाका. मग क्रँकच्या पुलीच्या नटावर सॉकेट लावून हलकेच पुढे-मागे करा. नुसतं पुढे ओढू नका. हललं नाही तर पुन्हा तेल, पुन्हा थांबणं. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून दोरीने ओढण्याचा सल्ला नाक्यावर हमखास मिळेल; त्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. फिरायला लागल्यावर दोन पूर्ण फेऱ्या हाताने द्या आणि आठही व्हॉल्व्ह खाली जाऊन परत वर येतात का ते बघा. एखादा खाली अडकला तर त्याचा पुशरॉड मोकळा करून स्टेमला तेल देत हलक्या हातोडीने सोडवा.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, इंजिन थंड असताना ०.०१० इंच, म्हणजे ०.२५ मिमी. इथे नवाचा हिशेब लावा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला सेट करा, सातवा उघडा असताना दुसरा, म्हणजे दोन्ही आकड्यांची बेरीज नऊ. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. पॉइंटची फट ०.०१५ इंच, प्लगची ०.०२५.

याच वेळी एक तपासणी करा, जी बहुतेक मिस्त्री करत नाहीत. एकाला क्लच दाबायला सांगा आणि समोरून पुली बघा. पुली पुढे-मागे सरकत असेल तर क्रँकचे थ्रस्ट वॉशर झिजले आहेत. डायल गेजवर ०.२ मिमीपर्यंत ठीक, ०.३५ च्या पुढे गेलं तर तसंच चालवू नका. हे अर्धचंद्राकृती वॉशर मागच्या मेन बेअरिंगपाशी असतात आणि फार झिजले की निसटून सम्पमध्ये पडतात. मग क्रँक थेट ब्लॉक घासतो आणि ब्लॉक जातो. इंजिन न उतरवता, सम्प आणि मागची कॅप काढून ते बदलता येतात आणि जाड मापातही मिळतात. दोन वॉशरसाठी ब्लॉक गमावणं यासारखा आतबट्ट्याचा व्यवहार नाही.

सम्प काढलाच आहे तर तळातला गाळ खरवडून घ्या. ऑइल २०डब्ल्यू-५० खनिज, सुमारे चार लिटर, शेवटचा निर्णय डिपस्टिकचा. आजच्या गाड्यांचं ५डब्ल्यू-३० इथे नको, जुन्या फटींमधून दाब टिकत नाही.

पाण्याची बाजू: ब्लॉकचा ड्रेन प्लग काढल्यावर काहीच न येणं हे पाणी नसल्याचं लक्षण नाही, गाळ साचल्याचं आहे. तारेने टोकरून वाट करा आणि पाइप लावून उलट्या दिशेने धुवा. वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी घातलेल्या गाड्यांत मागच्या सिलिंडरभोवती चिखलाचा थर असतो आणि तोच सिलिंडर आधी तापतो. नंतर डिस्टिल्ड वॉटर आणि एक-तृतीयांश कूलंट. मुंबईत बर्फ पडत नाही म्हणून कूलंट कशाला, असं विचारतात, ते गंजासाठी. रेडिएटरला मारुतीचं झाकण बसतं, पण त्याचा दाब जवळपास दुप्पट असतो, जुन्या रेडिएटरचे टाके उघडतात.

वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते बघा. जुन्या हेराल्डांत धन टोक अर्थला असतं. उलट जोडली तर डायनमो, कटआउट, रेडिओ सगळ्यांना फटका. पहिल्यांदा बॅटरी थेट न जोडता मध्ये १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब मालिकेत लावा. सगळं बंद असताना बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि वायर जळण्याऐवजी बल्ब पेटला एवढंच झालं. या गाडीत फ्यूजची चंगळ नाही, म्हणून सेल्फची जाड केबल सोडून बाकी मुख्य लाइनवर ३० अँपिअरचा एक फ्यूज घाला. डायनमो बराच काळ पडून असेल तर त्याचं चुंबकत्व मरतं: एफ टोकाची वायर काढून त्या टोकाला बॅटरीच्या अर्थ नसलेल्या बाजूची वायर दोन-तीनदा क्षणभर टेकवा.

डिलकोचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं, झाकण उघडलं की पॉइंटवर पांढुरका थर दिसेल. दमट हवेतल्या 'स्पार्कच येत नाही' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हाच. ४०० नंबरच्या पेपरने घासा, स्पिरिटने पुसा, नाहीतर नवीन सेट घाला. स्पार्क निळा आणि टणक हवा. पिवळा, केसासारखा असेल तर कंडेन्सर बदलून बघा.

आता सेल्फ

प्लग बाहेरच ठेवून, कॉइलची वायर काढून, दहा-दहा सेकंद सेल्फ मारा. घातलेलं तेल भोकांतून उडेल, म्हणून समोर उभं राहू नका. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत प्लग लावायचे नाहीत. दिवा विझत नसेल तर पंपात हवा अडकली आहे, तिचा बंदोबस्त आधी. याच वेळी कम्प्रेशन मोजा. दर चौरस इंचाला १२० ते १५० पौंड आणि चौघांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नाही, हे उत्तम. एखादा ७० दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा: आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. रिंगांचा असेल तर लगेच इंजिन खोलू नका, चिकटलेल्या रिंगा चालवल्यावर पुष्कळदा सुटतात.

पेट्रोल टाकीतून नको, दोन लिटरच्या स्वच्छ कॅनमधून पंपाला द्या. कॅन एक्झॉस्टपासून लांब. पंपाखालच्या छोट्या दांडीने हाताने पंप करून कार्बोरेटर भरा; दांडीला जोर लागत नसेल तर कॅमचा उंचवटा वर आहे, इंजिन एक फेरा फिरवा. बाजूला दोन किलोचं अग्निशामक आणि ते चालवणारा माणूस. चोक ओढा, सेल्फ मारा. कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल टपकवण्याचा मोह आवरा, एक बॅकफायर आणि हातातली बाटली पेटते.

लागल्यावर ऑइलचा दिवा पाच सेकंदांत गेला पाहिजे, नाहीतर बंद. सुरुवातीचा निळा धूर म्हणजे तुम्हीच ओतलेलं एटीएफ, तो जाईल. पांढरा धूर थांबत नाही आणि पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केट. क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर प्लेट फ्लायव्हीलला चिकटली आहे, पावसाळ्यानंतर हे ठरलेलं. लाकडाने पेडल दाबून रात्रभर ठेवा. सुटलं नाही तर इंजिन गरम करून बंद करा, पुढे मोकळी जागा बघून, क्लच दाबून, पहिल्या गिअरमध्ये सेल्फ मारा आणि झटक्याने सोडवा. पण हे ब्रेक पूर्ण झाल्यावरच.

टायरची नक्षी बघू नका, कडेवरचा चार आकडी शिक्का बघा. शेवटचे दोन आकडे वर्षाचे. सात वर्षांच्या पुढचे टायर फेकायचे. १४५/८० आर१३ आजच्या छोट्या मारुतींनाही लागतो, त्यामुळे कुठेही मिळतो.

रस्त्यावर काढण्याआधी कागद. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवतात, हरित कर वेगळा. मुदत संपलेली असेल तर आरटीओपर्यंतही गाडी चालवत नेऊ नका, फ्लॅटबेडवर न्या. पन्नास वर्षं झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीसाठी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीचा मार्ग आहे: 'व्हीए' मालिकेचा नंबर, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत. पण त्या नंबरावर रोजची ये-जा करता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढंच. जुना एमएच किंवा त्याच्याही आधीचा नंबर जिवंत असेल आणि रविवारी येऊरच्या पायथ्यापर्यंत जायचं असेल, तर साधी नोंदणी वाढवणंच शहाणपणाचं.

पहिले शंभर किलोमीटर झाले की ऑइल बदला, गाळ निघेल. पाचशेला टॅपेट पुन्हा मोजा आणि आकडे वहीत लिहा. देशातलं शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, आणि या हेडच्या कास्ट आयर्नच्या सीट त्या शिशावर तगून होत्या. एक्झॉस्टची फट दर हजार-दीड हजार किलोमीटरला कमी होत असेल तर सीट खचतेय आणि व्हॉल्व्ह वर सरकतोय. तोवर फट सेट करत चालवा; ती सेट करूनही टिकेनाशी झाली की हेड उतरवून चारही एक्झॉस्टला कडक सीट आणि नवे गाइड एकदमच बसवून घ्या.